‘वढाय’ म्हणजे नेमकं काय?

पुण्याहून
आपल्या ऑनलाइन वाचनगटात सध्या बहिणाबाई चौधरींच्या कविता सुरू आहेत. रविवारच्या बैठकीत ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीपाशी गाडी अडली. एक जण म्हणाले, वढाय म्हणजे ओढ लावणारं. एका ताईंनी ‘अनावर’ असा अर्थ सांगितला. गाताना काही जण ‘वढाळ’ म्हणतात तेही ऐकलंय. गटात जळगाव-धुळ्याकडची मंडळी बरीच आहेत, त्यांनीच सांगावं.

फैजपूरहून
ताई, वढाय म्हणजे ओढाळ. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, ‘मिळते’चं ‘मियते’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ही ‘व’ होतो, ओल्याला वला म्हणतात तसा. दोन्ही बदल एकत्र आले की ओढाळचं वढाय झालं. ‘वढाळ’ इतर ठिकाणी खेड्यापाड्यांत चालतं, त्यात चूक काही नाही, पण ते बहिणाबाईंचं नव्हे. ‘ओ’ आणि ‘व’ची ही अदलाबदल जुनीच आहे. तुकोबांच्या एका अभंगाची सुरुवातच ‘वोढाळाच्या संगें’ अशी आहे.

आता अर्थ. मुळाशी ‘ओढ’ असेल, पण वापरात हा शब्द गुरांचा. कळपातली दहा गुरं बांधाच्या गवतावर सुखानं चरत असतात आणि एक गाय मान खाली घालून चरल्याचं सोंग करत हळूहळू दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, शेताकडे सरकते. गुराख्याची पाठ फिरली की ती आत. ती वढाय. अशा गाईच्या गळ्यात लोढणं अडकवतात, म्हणजे दोरीला लोंबणारा लाकडाचा ओंडका. धावायला गेली की तो पुढच्या पायांवर आपटतो. तरीही ती जाते, आणि पकडली तर कोंडवाड्यात. दंड भरतो धनी.

म्हणून ‘अनावर’ मला पसंत नाही. अनावर राग असतो, रडू असतं. वढाय ही खोड आहे. तिला आधी चव लागलेली असते.

पुण्याहून
मग पुढे ‘मन मोकाट मोकाट’ येतं, ते याचंच दुसरं नाव का?

फैजपूरहून
नाही. मोकाट म्हणजे राखणच नसलेलं. वढाय ढोराला राखण असते, म्हणून तर ‘किती हाकला हाकला’ आहे. हाकणारा तिथे उभा आहे, घसा कोरडा करतोय, आणि ढोर ‘फिरी’ पिकावर येतंय. हे ‘फिरी’ म्हणजे ‘फिरून’, पुन्हा. फेरी मारणं नव्हे, तोही घोटाळा बऱ्याच जणांचा होतो.

आणि ओळीतला ‘उभ्या’ सोडू नका. पीक कापून नेलं की त्याच शेतात गावची गुरं चरतात, कोणी हूं का चूं करत नाही. ढोर तेच, रान तेच. गुन्हा फक्त पीक उभं असेपर्यंतचा. शाळेत ही कविता शिकवताना चंचल मन, चंचल मन एवढंच घोकून घेतात आणि हे सगळं राहून जातं. चंचल तर फुलपाखरूही असतं, ते कुणाची दादर खात नाही.

धुळ्याहून
भाऊ, शब्दाचा खुलासा पटला. ‘ळ’चा ‘य’ आमच्या अहिराणीतही होतो. मग ही अहिराणी कविता म्हणायला हरकत काय? बाहेरची माणसं म्हणतातच.

फैजपूरहून
म्हणतात, पण चुकीचं आहे. बहिणाबाई असोद्याच्या, १८८० चा जन्म, सासर जळगावचं. त्यांची बोली लेवा गणबोली, आमच्या भागातल्या लेवा समाजाची. पुरावा त्यांच्याच ओळीत आहे: ‘माझी माय सरसोती’. तुम्ही काय म्हणाल?

धुळ्याहून
‘मनी माय.’ बरोबर. आणि ‘आहे’ला आम्ही ‘शे’ म्हणतो, तेही या कवितांत दिसत नाही. मान्य. (त्याच कडव्यात ‘लेक बहिनाच्या मनी’ आहे, तिथे आमचा माणूस हमखास ‘माझी’ समजतो. ते मन आहे.) तरी ‘माले’, ‘त्याले’ दोघांचं सारखंच, म्हणून आम्हालाही ती घरची वाटते.

चोपड्याहून
आमच्या घरात ‘वढाय’ माणसालाही लावतात. जेवणाच्या वेळी नेमका दुसऱ्याच्या ओट्यावर सापडणारा पोरगा वढाय. आजी म्हणायची तेव्हा त्यात राग निम्माच असायचा. मोठ्या माणसाला म्हटलं तर मात्र अर्थ बदलतो, जपून वापरावा.

पुण्याहून
‘ढोर’बद्दलही विचारायचं होतं. आमच्याकडे ती सरळ शिवी आहे. ओळीत तसा सूर आहे का?

चोपड्याहून
छे. इथे ढोर म्हणजे जनावर, बस. ‘ढोरं पाजून आणली का’ हे रोजचं बोलणं. शिवी करायची असेल तर आवाजात करावी लागते.

पुण्याहून
शेवटचं एक. पुढच्या रविवारी मी ही कविता मोठ्यानं वाचणार आहे. ऐकणाऱ्यांना कळावं म्हणून ‘मन ओढाळ ओढाळ’ म्हटलं तर चालेल?

फैजपूरहून
छंदाचं कारण मी देणार नाही, अक्षरं दोन्हीकडे आठच भरतात. पण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. पुस्तक १९५२ साली आलं, त्या गेल्यानंतर. त्यांच्या तोंडचा उच्चार आपल्यापर्यंत पोचला तो एवढ्याच वाटेनं. तोच बदलला तर वाचायचं काय? ‘वढाय’च वाचा. अर्थ आधी सांगून टाका, लोढण्यासकट.