मदत हवी आहे: बंधांची बेरीज केली तर ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल सारखेच कसे येतात?

नमस्कार. मी बडोद्याला एम.एस्सी. करते. सांडपाण्याच्या उघड्या टाकीतून कोणता पदार्थ किती सहज हवेत जाईल, याचा संगणकावर अंदाज बांधायचा असा प्रकल्प आहे. म्हणजे मुख्य काम हेन्रीचा स्थिरांक काढण्याचं (पदार्थ पाणी सोडून हवेत किती जातो ते सांगणारा आकडा).

रेणूतल्या प्रत्येक बंधाचा ठरलेला आकडा घेऊन बेरीज करायची, ही मेलन आणि हॉवर्ड यांची १९९१ची पद्धत. ईपीआय सूट या संगणक-कार्यक्रमातला हेन्रीविन हा भाग तिच्यावरच चालतो. नीट कळावं म्हणून मी बेरीज हातानं केली. नायट्रोफिनॉलच्या ऑर्थो रूपात नायट्रो गट ओएच गटाच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन) शेजारी असतो, पॅरा रूपात समोर; पण दोघांत बंध तेच आणि तेवढेच, त्यामुळे उत्तरही एकच! पण बारावीत आपण शिकलोय की वाफ सोडली की ऑर्थो तिच्याबरोबर निघून येतं आणि पॅरा चंबूतच राहतं. मग ही बेरीज कशी मानायची?

हे माझ्यासाठी नुसत्या गुणांपुरतं नाही. माझा मामा शहराबाहेर एका रंगाच्या कारखान्यात अशाच टाकीवर पाळी करतो. "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो ते मलाही सांग," म्हणाला. त्याला चुकीचा आकडा सांगायचा नाहीये.

प्रतिसाद १
बेरीज बरोबर आहे, पद्धतच तेवढी आंधळी आहे. ऑर्थोमध्ये ओएच शेजारच्या नायट्रोला आतल्या आत हायड्रोजन बंधानं धरून बसतो, पाण्याला हात द्यायला मोकळा राहत नाही. पॅराचा ओएच मोकळा असतो, म्हणून तो पाण्याला आणि एकमेकांना घट्ट धरतो. वितळणबिंदूच बघा: ऑर्थो ४५ अंश, पॅरा ११४. शेजारी कोण आहे हे बंध मोजून कळत नाही. अशा वेळी स्थिरांक काढायला बाष्पदाबाला विद्राव्यतेनं भागा, मात्र दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आणि एकाच अवस्थेचे घ्या. घनाचा बाष्पदाब आणि द्रवाची विद्राव्यता अशी सरमिसळ झाली तर उत्तर भलतंच येतं.

प्रतिसाद २
त्याआधी पीएच विचारा. दोघांचाही पीकेए (ज्या पीएचला निम्मा भाग आयन होतो तो आकडा) ७.२च्या आसपास आहे. पीएच ९ असेल तर शेकडा ९८ भाग आयन होऊन बसतो, आणि आयन उडत नाही. कार्यक्रमाचा आकडा फक्त आयन न झालेल्या रेणूचा असतो. पण पुढे आम्ल टाकून पीएच खाली आणला की तेच ऑर्थो पुन्हा उडायला मोकळं. आम्ल कुठे टाकतात? आणि २५ अंशांचा आकडा आपल्या मे महिन्यात वापरू नका, पाणी तापलं की स्थिरांक वाढतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मामाला आत्ताच फोन केला. आम्ल त्याच टाकीत टाकतात, आणि तो ज्या कडेला उभा असतो तिथूनच. पीएच ५ आणि पाणी ३५ अंश धरून ऑर्थोचा आकडा आज पुन्हा काढते. तोवर त्याला वाऱ्याच्या दिशेकडून उभं राहायला सांगितलंय, वारा पाठीवर यायला हवा.