पुनर्वसन वसाहतीतली १४-१७ वर्षांची मुलं गावाचं नाव लपवतात

खाडीपल्याड: बंदरासाठी कोळीवाडा उठला, वस्ती आत डोंगराकडे आली. धाकटी भावंडं रुळली. नववी-दहावीची मुलं मात्र शाळेत जुन्या गावाचं नाव घेत नाहीत आणि घरी "हे आपलं गाव नव्हे" म्हणून भांडतात. समुपदेशनाची सत्रं ठेवावीत का?

वलांडी: सत्रं नंतर. लहानग्याचं घर आईबापांपाशी असतं. या वयात "मी कोण" हे सवंगड्यांत ठरतं. त्यात होडी कायमची वर ओढली गेली, म्हणजे मोठेपणी काय व्हायचं याचा नमुनाही गेला. आधी जुन्या गावाचा नकाशा काढायला लावा. सहा-सात मुलं, दोन आजे-आज्या, चार ड्रॉइंग पेपर चिकटवून. घरं शेवटी. पहिल्यांदा भरतीची रेघ, मग होड्या लावायची जागा, बोंबील वाळवायच्या वलांड्या, डोल जाळी कुठे मारायचे, होळीचा माळ. पेन मुलांच्याच हाती. म्हाताऱ्यांनी ते घेतलं की पोरं गप्प होतात. आणि नकाशा घेऊन कुणाला वर्गापुढे "विस्थापित" म्हणून उभं करू नका, पोर आणखी मिटतं.

जुनं दप्तर: नकाशा छान, पण गाव खरं अडतं तहसीलमध्ये. ओबीसी किंवा विशेष मागास प्रवर्गाच्या जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आधारवर पत्ता नवा, पुरावा जुन्या गावचा. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि ग्रामपंचायतीचं दप्तर कुठे हलवलं ते आत्ताच शोधा, दहावीच्या निकालानंतर नको. मुलाला सोबत न्या. लपवलेलं नाव आजोबांच्या नावासमोर सरकारी शिक्क्यासह दिसतं, त्याचा परिणाम भाषणापेक्षा जास्त होतो.

खाडीपल्याड: आणि संध्याकाळी ही मुलं बसणार कुठे? वसाहतीत नुसते प्लॉट आहेत.

वलांडी: जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली असेल तर त्या कायद्याची तिसरी अनुसूची, म्हणजे वसाहतीत द्यायच्या सोयींची यादी, काढा: मुलांसाठी मैदान, दर १०० कुटुंबांमागे समाजमंदिर, दर ५० मागे प्रार्थनास्थळ आणि पार. अर्ज मुलांनाच लिहू द्या. शिमग्याला पालखी येत असेल तर तिचा नवा रस्ताही त्यांनीच आखावा, नुसते झेंडे धरायला नेऊ नका.

जुनं दप्तर: एक राहिलं. झोप उडाली, शाळा सुटली, मरणाची भाषा आली, तर नकाशाबिकाशा बाजूला ठेवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलतात.