जुन्या एस्टीम रेस कारमध्ये शेवटच्या फेऱ्यांत व्होल्टेज उतरते. दोष कुठे शोधावा?

प्रश्न (कोल्हापूर)

नमस्कार. आमची गाडी १.३ लिटर इंजिनाची, इंजेक्शन असलेली जुनी मारुती एस्टीम आहे. शर्यतीसाठी तयार करताना आधीच्या मालकाने आतील सगळा साज काढून रोल केज (चालकाच्या संरक्षणासाठी लोखंडी नळ्यांचा पिंजरा) बसवला, वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी मागे डिकीत नेली, मुख्य कट-ऑफ स्विच लावला आणि मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) काढून मोजकेच नवे वायरिंग केले. श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर पहिल्या काही फेऱ्या गाडी उत्तम पळते. नंतर मात्र सरळ पट्ट्यावर वरच्या आरपीएमला इंजिन तुटक चालू लागते आणि बॅटरीजवळून घेतलेले व्होल्टेज १३.५ वरून १२.४ पर्यंत उतरल्याचे लॉगरमध्ये (नोंदी साठवणाऱ्या यंत्रात) दिसते. वर्कशॉपमध्ये आणून अल्टरनेटरवर मीटर लावला, की १४.१ व्होल्ट मिळतात. अल्टरनेटर उद्यमनगरात उघडून तपासून घेतला आहे. कार्बन आणि बेअरिंग नवे आहेत, बेल्टही नवा असून त्याचा ताण योग्य आहे. आता जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बसवावा, असे ऑटो इलेक्ट्रिशियनचे मत आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुणे)

मोठा अल्टरनेटर आत्ता घेऊ नका. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच दोषाची दिशा दडलेली आहे: अल्टरनेटरवर १४.१ आणि बॅटरीवर १२.४. हे दोन्ही एकाच वेळी खरे असतील, तर मधल्या वाटेवर पावणेदोन व्होल्ट खर्ची पडत आहेत. वेगळी सेन्स वायर (बॅटरीवरचे व्होल्टेज कळवणारी वायर) नसलेल्या अल्टरनेटरमधला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा भाग, फक्त स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहतो, तिथे १४.१ दिसले की त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते आणि मागे डिकीत बॅटरीला किती पोहोचले, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. तुम्ही दुप्पट क्षमतेचा अल्टरनेटर लावलात, तरी तोही तेवढ्यावरच थांबेल.

म्हणून आधी व्होल्टेज ड्रॉप मोजा. इंजिन पूर्ण गरम करून सुमारे २,५०० आरपीएमवर ठेवा आणि रेडिएटर फॅन, पेट्रोल पंप, दिवे असा सगळा लोड चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (जाड धन वायर जोडतात तिथे) आणि दुसरा बॅटरीच्या धन खांबावर धरा. क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यामधला सांधाही संशयितांपैकीच एक आहे. मीटरवर जो आकडा येईल, तेवढे व्होल्टेज धन बाजूला वाया जात आहे. त्यानंतर तसेच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत मोजा. धन बाजूला ०.३ आणि ऋण बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत चालते. त्याहून जास्त आले, तर एकेक सांधा पार करत प्रोब पुढे सरकवा आणि आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे थांबा. प्रोबच्या वायरी बेल्ट आणि फॅनपासून लांब राहतील, याची काळजी घ्या.

वायर तुटलेली नाही हे पाहण्यासाठी मीटरचा ‘बीप’ अनेकजण वापरतात, पण या दोषात त्याचा काहीही उपयोग नाही. खराब सांध्याचा रोध ०.०४ ओहम इतका किरकोळ असतो आणि साध्या मीटरला तो दिसत नाही. मात्र त्यातून ३० अँपिअर वाहिले की १.२ व्होल्ट तिथेच संपतात. वर्कशॉपमध्ये फॅन बंद असताना जेमतेम १० अँपिअर वाहतात आणि त्याच सांध्यावर ०.४ व्होल्टच पडतात, त्यामुळे गाडी निर्दोष वाटते. ट्रॅकवर फॅन सतत चालतो, सांधा तापतो, तापल्यावर त्याचा रोध आणखी वाढतो आणि तुमच्या लॉगरमधील रेषा फेरीगणिक खाली येते.

इंजिन तुटक चालण्याचे कारणही हेच असण्याची दाट शक्यता आहे. व्होल्टेज उतरले की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि पंपाची गती कमी होते, त्यामुळे नेमके जास्त पेट्रोल लागते तिथे मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल देत राहिल्यास पिस्टनला धोका आहे, म्हणून दोष सापडेपर्यंत गाडी जोरात पळवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (नाशिक)

वरील पद्धत अचूक आहे. रॅलीच्या जुन्या गाड्यांवर काम करताना वारंवार दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी सांगतो. कट-ऑफ स्विचला दोन मोठ्या टर्मिनलांशिवाय छोट्या टर्मिनलांच्या दोन जोड्या असतील, तर त्यांतील एक जोडी स्विच बंद करताच इग्निशन तोडते आणि दुसरी त्याच क्षणी अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला सोडते. हा दुसरा संपर्क आत चिकटून राहिला, तर गाडी चालू असतानाही सुमारे साडेचार अँपिअर व्यर्थ जात राहतात आणि तो छोटा रेझिस्टर भाजून निघतो. त्याला हात लावण्याआधी थोडे थांबा. तो तापलेला असेल, तर उत्तर तिथेच मिळाले.

अल्टरनेटरमधल्या डायोडची (एसीचे डीसी करणाऱ्या भागांची) शंका दूर करण्यासाठी लोड चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा. ०.१ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर डायोड ठीक आहेत, ०.५ च्या वर गेला तर एखादा गेला आहे असे समजा. काही जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचे चुंबकत्व चार्जिंगच्या दिव्यातून येणाऱ्या प्रवाहामुळे मिळते आणि डॅशबोर्डबरोबर तो दिवाही काढून टाकला, की इंजिन बरेच वर नेईपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. तुमची तक्रार तशी दिसत नाही, परंतु असा अल्टरनेटर असेल तर दिवा ठेवलाच पाहिजे.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची जुनी सवय कुणी सुचवली, तर ठामपणे नकार द्या. अशा वेळी उसळणारे व्होल्टेज ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि लॉगर दोन्ही जाळू शकते.

प्रश्नकर्ता (कोल्हापूर)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे इंजिन गरम करून आणि सगळा लोड चालू ठेवून मोजले. धन बाजूला ०.५ आणि ऋण बाजूला १.२ व्होल्ट मिळाले. एसी मोजमाप ०.०६ आले आणि रेझिस्टर थंड आहे. ऋण बाजूला सांध्यासांध्याने पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळा फरक इंजिनाहून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीवर निघाला. रोल केज बसवल्यानंतर बॉडीला नवा रंग दिलेला असून ती पट्टी रंगाच्या थरावरच बोल्टने कसलेली आहे. धन बाजूची वायर ६ चौरस मिलिमीटरची आहे आणि डिकीपर्यंत पोहोचण्यासाठी मध्ये जोडून सुमारे ४ मीटर केलेली आहे.

उत्तर (पुणे)

मग दोन्ही उलगडे झाले. तुमचा फॅन, पंप आणि दिवे बॉडीला अर्थ झालेले असल्याने त्यांचा सगळा प्रवाह परत अल्टरनेटरकडे जाताना त्याच एका पट्टीतून जातो. रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, नवी जाड पट्टी दातेरी वॉशर घालून कसा आणि सांधा पूर्ण झाल्यावरच वरून ग्रीस किंवा रंग लावा. माझ्या मते याशिवाय बॅटरीच्या ऋण खांबापासून थेट इंजिनापर्यंत एक स्वतंत्र केबल टाकावी. थोडे वजन वाढते, पण बॉडीच्या जोडांवर विसंबावे लागत नाही.

धन बाजूला ६ चौरस मिलिमीटरची ४ मीटर तांब्याची वायर ३० अँपिअरला सुमारे ०.३५ व्होल्ट खाते. उरलेले मधल्या जोडात जात असणार. १६ चौरस मिलिमीटरची अखंड केबल टाकलीत, तर हे नुकसान ०.१५ च्या आत येईल. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) हातोडीने न ठोकता योग्य क्रिम्पिंग पक्कडीने दाबून घ्या, केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा, कारण अपघातात ही केबल पत्र्यात चेपली गेली तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह तिच्यातून वाहू शकतो.

प्रश्नकर्ता (कोल्हापूर)

दोन्ही केबल आणि पट्टी बदलली. त्याच लोडवर आता धन बाजूला ०.१२ आणि ऋण बाजूला ०.०८ व्होल्ट पडतात आणि बॅटरीवर १३.९ मिळतात. पूर्ण ताकदीने पळवून पाहणे ट्रॅकवर गेल्यावरच होईल. एकच शंका उरली आहे: पिट लेनमध्ये इंजिन सावकाश चालताना आणि फॅन चालू असताना व्होल्टेज १२.९ पर्यंत येते. हे चिंतेचे आहे का?

उत्तर (नाशिक)

अल्टरनेटरची पुली मूळ मापाची आहे का, ते पाहा. वरच्या आरपीएमला अल्टरनेटर अतिवेगाने फिरू नये म्हणून शर्यतीच्या गाड्यांत मोठी पुली बसवण्याची पद्धत आहे आणि मग आयडलला त्याची गती कमी पडते. तसे असेल, तर आयडल थोडे वाढवा आणि पिटमध्ये फॅनव्यतिरिक्त इतर लोड बंद ठेवा. इंजिन २,००० आरपीएमवर नेताच व्होल्टेज पुन्हा १३.८ च्या वर जात असेल, तर त्यात दोष नाही.