मदत हवी आहे: पद्मिनीला मागे डिस्क बसवले, आता चाकं तापतात आणि पेडल खोल जातं

पद्मिनीवाला_कोथरूड
गाडी प्रीमियर पद्मिनी. पुढे डिस्क आधीच केलेले, बूस्टर आणि टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) आहे. आता मागचे ड्रम काढून हँडब्रेकवाले कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) टाकले. ब्रॅकेट 10 मिमी प्लेटमधून भोसरीत कापून घेतले. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं, लगेच पुन्हा दाबलं की कडक. कोथरूडहून खडकवासल्याला पोचेपर्यंत मागचे डिस्क भाजतात, पुढचे मात्र ठीक. लाइनमधली हवा तीनदा काढली. ब्रेक ऑइल डॉट 4. मास्टर बदलू का?

आडवा_पाना
इतक्यात नको. पुढचे गरम नाहीत, म्हणजे पुशरॉडला (मास्टरला ढकलणारी दांडी) मोकळीक नाही हा संशय बाद. मागची चाकं तापलेली असतानाच गाडी स्टँडवर घ्या, पुढे दगड लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रलमध्ये चाक फिरवा. जड लागलं तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब लाइनमध्ये अडकलाय. नाही सुटलं तर हँडब्रेकची केबल नाहीतर कॅलिपर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्यात. आणि निपल वर आहे की खाली?

पद्मिनीवाला_कोथरूड
चिळकांडी उडाली, चाक लगेच मोकळं. निपल दोन्हीकडे खाली आहे. हँडब्रेक केबलही बरीच पिळून लावावी लागली.

आडवा_पाना
मग दुखणी दोन आहेत.

चाक तापतं ते मास्टरच्या मागच्या आउटलेटमधल्या रेसिड्युअल व्हॉल्व्हमुळे. ड्रमच्या सिलिंडरचे कप फुगलेले राहावेत म्हणून तो साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला परत ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, डिस्कला नसतात. पॅड घासतच राहतो. तो व्हॉल्व्ह काढा. मास्टर कॅलिपरपेक्षा खाली बसला असेल तरच 2 पीएसआयचा टाका.

पेडल खोल जातं कारण कॅलिपर डावा-उजवा उलटे बसलेत. निपल खाली असेल तर वरची हवा कितीही पंप मारा, निघणार नाही. अदलाबदल करा, केबलही सरळ बसेल. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टला प्रत्येकी दोन, असे चार तांब्याचे वॉशर नवे घ्या. नाना पेठेत मिळतील. रबर पेट्रोलने धुऊ नका, फुगतं. फक्त ब्रेक ऑइल.

घाटउतार
भर घालतो. केबल सगळ्यात शेवटी जोडा. कॅलिपरचा लिव्हर स्टॉपवर पूर्ण टेकला नाही तर पॅड झिजेल तसं अंतर भरून काढणारा आतला अ‍ॅडजस्टर चालत नाही आणि पेडल पुन्हा खोल. डिस्कचा रनआउट (फिरताना डुलणं) डायल गेजने पाहा, 0.1 मिमीच्या आत हवा. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली तरी तेवढं डुलतं.

मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) आहे का? नसेल तर ही गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट फिरवणार. व्हॉल्व्ह मागे सर्वांत कमी दाबावर ठेवून सुरुवात करा, मोकळ्या रस्त्यावर 30-40 च्या वेगात जोरात दाबा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. दिवे घाट उतरायचा तो त्यानंतर.

पद्मिनीवाला_कोथरूड
व्हॉल्व्ह नाही. आधी तो आणतो, मग कॅलिपर उघडतो.