इंदुरात लिव्हिंग विल: कागद कसा करायचा, कुणाकडे द्यायचा आणि आयसीयूत तो चालतो का?

सुदामानगरची सून

नमस्कार मंडळी. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, घरात दोघांचा करायचाय. सासरे ८२, सासूबाई ७८. दोघांचंही डोकं ताळ्यावर आहे आणि "आम्हाला मशीनवर ठेवू नका" हे दोघेही वारंवार सांगतात. दीर म्हणतात, तोंडी सांगितलंय ना, पुरे. पुण्याची नणंद म्हणते, असलं काही लिहून ठेवलं तर उद्या साधा न्यूमोनिया झाला तरी डॉक्टर हात लावणार नाहीत. मला विचारायचंय ते असं: कोर्टात जावं लागतं का? मराठीत लिहिलेलं चालेल का? नगर निगमात प्रत द्यायची असते म्हणतात, ती कुणाकडे? आणि खरी वेळ येते तेव्हा हॉस्पिटल हा कागद मानतं का? कृपया माहीतगारांनीच सांगा. व्हॉट्सॲपवरचे फॉर्म पाच आलेत, पाचही वेगळे.

दस्तऐवजवाले

कोर्टात जावं लागत नाही. हा गोंधळ जुन्या नियमामुळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज प्रकरणात लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. तेवढ्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने स्वतःच अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर भागतं. तुमच्याकडच्या पाच फॉर्मांपैकी ज्यात मॅजिस्ट्रेटच्या सहीची जागा असेल ते आधी बाजूला काढा.

दुसरा एक फॉर्म मानसिक आरोग्य कायद्याखालचा असण्याची शक्यता आहे. २०१७ च्या त्या कायद्यात 'आगाऊ निर्देश' नावाचीच सोय आहे, पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती. टायपिस्टकडे दोन्ही एकाच फोल्डरात असतात आणि भलताच छापून हातात येतो.

आता तपशील. नवराबायकोचा एकत्र कागद करू नका, दोघांचे दोन वेगळे. त्यात चार गोष्टी हव्यातच: कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत किंवा थांबवावेत, परिणाम समजून, कुणाच्या दबावाशिवाय हे लिहितो आहे, हे मी केव्हाही मागे घेऊ शकतो, आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्या वतीने संमती कोण देईल त्यांची नावं. २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात. दोन नावं दिलीत तर क्रम लिहा, 'पहिली व्यक्ती उपलब्ध नसल्यास दुसरी'. नुसती दोन नावं शेजारीशेजारी लिहिली की भांडणाची सोय झाली समजा.

साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत असं न्यायालय म्हणतं. म्हणून ज्यांना मालमत्ता मिळणार आहे ते नकोत, आणि ज्यांची नावं प्रतिनिधी म्हणून दिली तेही नकोत. शेजारी, जुने सहकारी, भजनी मंडळातलं कुणी, कोणीही चालेल. नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक शिक्क्याशेजारी लिहून घ्या. पुढे कागद खरा की खोटा हा प्रश्न आला की तोच नंबर कामी येतो. फॅमिली डॉक्टरांकडून त्याच तारखेची दोन ओळींची चिठ्ठी, 'स्मरणशक्ती व समज चांगली आहे', घेऊन जोडली तर उत्तम. ती सक्तीची नाही, पण ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या सहीवर पहिली शंका तीच घेतली जाते.

सुदामानगरची सून

धन्यवाद. भाषेचं काय? सासऱ्यांचा आग्रह आहे की मराठीतच लिहायचं.

दस्तऐवजवाले

काकांचा आग्रह समजतो, आणि न्यायालयाने भाषेची अट कुठेही घातलेली नाही. पण विचार करा, हा कागद वाचणार कोण? रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेला डॉक्टर, मग उपचार थांबवण्याआधी प्रकरण तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळांतले तज्ज्ञ, मग दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातला बाबू. पुण्यात मराठी चालून जाईल, इंदुरात अडेल. मूळ हिंदीत करा. लिपी तीच, काका स्वतः वाचून सही करू शकतात. मराठी मूळ आणि हिंदी अनुवाद असं जोडकाम करू नका. एखाद्या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा निघाला की कागदच संशयात येतो. मनातलं मराठीत लिहायचंच असेल तर मुलांना वेगळं पत्र लिहावं. त्याला कायद्याचं बळ नाही, पण निर्णयाच्या वेळी मुलं तेच आधी वाचतात.

अतिदक्षता

कागदाची कायद्याची बाजू वर आली. मी मजकुराबद्दल सांगतो, कारण बहुतेक कागद तिथेच फसतात.

"मला मशीनवर ठेवू नये" या वाक्याचा आयसीयूत काहीच उपयोग होत नाही. मॉनिटर हे मशीन, डायलिसिस हे मशीन, ऑपरेशननंतर एक रात्र लावलेला व्हेंटिलेटर हेही मशीनच. त्यामुळे आधी परिस्थिती लिहा, मग उपचार. परिस्थिती अशी: "मला बरा न होणारा, अखेरच्या टप्प्यातला आजार असेल, सुधारणेची आशा नसेल आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर". त्याखाली एकेक उपचार नाव घेऊन: हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक देणं, घशात नळी घालून व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र पाडून कायमची नळी, डायलिसिस, रक्तदाब टिकवून धरणारी सततची इंजेक्शनं, नाकातून किंवा पोटातून घातलेली अन्न देण्याची नळी. प्रत्येकापुढे हवं की नको. अन्न देण्याच्या नळीवर घरोघरी सर्वात जास्त वाद होतो, 'उपाशी कसं ठेवायचं' म्हणून. ती ओळ मोघम ठेवू नका.

एक वाक्य मी आवर्जून घालायला सांगेन: "सुधारणेची शक्यता स्पष्ट नसेल तर ठराविक मुदतीसाठी, उदाहरणार्थ ३ ते ५ दिवस, उपचार करून पाहावेत, फरक न पडल्यास थांबवावेत." यामुळे डॉक्टर नळी घालायला बिचकत नाहीत आणि काढायलाही.

आता नणंदेची शंका. साध्या न्यूमोनियाला हा कागद लागूच होत नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तो सांगेल ते खरं, कागद फाइलमध्येच राहतो. बेशुद्ध असला तरी आजार बरा होण्यासारखा असेल तर अट पूर्ण होत नाही, उपचार पूर्ण होणार. उलट काळजीची बाजू अशी की स्मृतिभ्रंश हळूहळू वाढत असताना अधलेमधले निर्णय या कागदाने सुटत नाहीत. ते निर्णय त्या त्या वेळी कुटुंबाशी बोलूनच होतात.

१०८ ची गाडी बोलावली तर गाडीतला कर्मचारी कागद वाचत बसणार नाही. कॅज्युअल्टीतही श्वास थांबला असेल तर आधी नळी पडते, मग इतिहास विचारला जातो. त्यात गैर काही नाही, तिथे सेकंद मोजायचे असतात. दाखल झाल्यावर कागदाची प्रत केसपेपरला लावून घ्या आणि 'सीपीआर करू नये', म्हणजे हृदय थांबल्यास छाती दाबू नये, हा वेगळा आदेश उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहवून घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) त्यासाठी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तो आदेश फाइलमध्ये नसेल तर रात्रपाळीचा डॉक्टर छाती दाबणारच, घरच्या कपाटात कागद कितीही पक्का असो.

नियमांवर बोट

मला हे सगळं फार गुळगुळीत वाटतंय. प्रत्यक्षात दोन वैद्यकीय मंडळं लागतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे सीएमएचओने, नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, जे पहिल्यात नव्हते. म्हणजे एका माणसासाठी सहा डॉक्टर. वीस खाटांच्या नर्सिंग होमने ते आणायचे कुठून? निर्णय 'शक्यतो ४८ तासांत', आणि 'शक्यतो' या शब्दात शनिवार-रविवार मावतात, सणही मावतात. तोवर आयसीयूचं बिल चालूच. २०२३ च्या आदेशाने कागद करणं सोपं झालं. तो अमलात आणणं पूर्वीपेक्षा सोपं आहे, पण सोपं नाही.

अतिदक्षता

बरोबर आहे, आणि म्हणूनच लहान नर्सिंग होममध्ये हे अडतं. तिथे दोनच वाटा उरतात, मोठ्या हॉस्पिटलात हलवणं किंवा घरी नेणं. फक्त एक भर: दंडाधिकाऱ्याची परवानगी आता लागत नाही. निर्णय अमलात आणण्याआधी हॉस्पिटलने त्यांना कळवायचं असतं. पूर्वी त्यांनी येऊन रुग्ण पाहायचा होता. मंडळाने नकार दिला तर नातेवाइकांना उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, आपलं इंदूर खंडपीठ इथेच आहे. आणि लेखी कागद नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळांची पद्धत वापरता येते, त्यामुळे दिरांचं "तोंडी पुरे" अगदीच चुकीचं नाही. पण तेव्हा सगळ्या भावंडांचं एकमत लागतं, आणि ते आयसीयूबाहेरच्या बाकावर होत नाही.

सुदामानगरची सून

मग सरळ सही करून घरी आणलं तर? बरेच जण तेच करतात.

घरची शुश्रूषा

करतात, आणि रुग्णाचे सर्वात जास्त हाल तिथेच होतात. 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध' असं लिहून डिस्चार्ज घेतला की हॉस्पिटलची जबाबदारी संपते आणि बरोबर औषधंही दिली जात नाहीत. नळी असलेल्या माणसाला नातेवाईक अंबू बॅग (हाताने श्वास देणारी पिशवी) दाबत दाबत गाडीतून आणतात आणि नळी घरी काढतात. धाप लागते, घसा घरघरतो, आणि घरात त्यावर काहीच नसतं. उपचार थांबवणं म्हणजे काळजी थांबवणं नव्हे.

घरी आणायचंच असेल तर डिस्चार्ज 'सल्ल्याविरुद्ध' न घेता, उपशामक उपचारांच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या योजनेसह मागा. धाप आणि वेदनेसाठी मॉर्फिन लागतं. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ ला दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ते ठेवू शकतात, तेव्हा घरी निघण्याआधीच कुठून मिळेल ते विचारा, रात्री औषधाच्या दुकानात शोधून मिळत नाही. डोस डॉक्टरांनी लिहून द्यावा, आणि बद्धकोष्ठतेचं औषध त्याच दिवसापासून, कारण मॉर्फिनने पोट हमखास धरतं. घरघर असेल तर कुशीवर झोपवा, सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) वारंवार करू नका. तोंड ओल्या गॉजने दर दोन तासांनी पुसा. शेवटच्या दिवसांत तहान बहुतेक वेळा कोरड्या तोंडाची असते, सलाइनने ती भागत नाही.

आणखी एक, जे आधी कुणी सांगत नाही. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला फॉर्म ४ वर मिळतो, घरी झाला तर फॉर्म ४-ए, आणि तो उपचार करत असलेल्या डॉक्टरानेच द्यायचा असतो. ज्याने शेवटच्या आजारात पाहिलंच नाही तो सही कशी करेल? म्हणून घरी आणल्यावर फॅमिली डॉक्टरांची एक भेट लगेच ठेवा. नेत्रदान ठरलं असेल तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

सुदामानगरची सून

हे आजच लिहून ठेवते. निगमाची प्रत राहिली.

दस्तऐवजवाले

आदेशानुसार स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याला प्रत द्यायची आणि तिने एक अधिकारी कागदाचा संरक्षक म्हणून नेमायचा. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं धरून जाऊ नका. आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा, २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा, सोबत नोटरी केलेली प्रत जोडा आणि मुख्यालयाच्या आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. घेतच नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. कागद दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहिला म्हणजे झालं.

बाकी प्रती: नावं दिलेल्या प्रत्येकाला एक, फॅमिली डॉक्टरांना एक, आणि स्कॅन करून आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) किंवा डिजिलॉकरमध्ये. न्यायालयाने डिजिटल आरोग्य नोंदींचा पर्याय दिलेला आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर रविवारी उघडत नाही. कागद बदललात तर जुन्याच्या सगळ्या प्रती परत गोळा करा. कायद्याने शेवटची सही असलेला धरला जातो, पण हॉस्पिटलच्या हातात पडतो तो जो आधी सापडेल तो.

घरची शुश्रूषा

आणि ताई, नणंदेलाही एक प्रत द्या. सही करण्याआधीच. फोनवर नको, ती इंदूरला येईल तेव्हा दोघांनी तिला समोर बसवून सांगावं.