चर्चा धागा: ‘कर भरला, माझं काम संपलं’ हे मला मान्य नाही

बकुळ

परवा इथे एकाने लिहिलं, “मालमत्ता कर वेळेत भरतो, मत देतो. त्यापुढे नागरिकांनी बैठकांना जाणं, अर्ज करणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग.” खाली सगळे टाळ्या वाजवतायत. ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पुण्यात राहतो. इथे २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. ते क्षेत्रीय कार्यालयातून प्रभाग समितीपुढे, म्हणजे त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीपुढे जातं आणि मंजूर झालं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं. आमच्या शाळेच्या रस्त्याला एका बाजूने फूटपाथ नव्हता. शेजारच्या काकूंनी अर्ज भरला. ‘रस्ता नीट करा’ असं मोघम लिहिलं नाही. अमक्या विजेच्या खांबापासून शाळेच्या फाटकापर्यंत, टेपने मोजलेली लांबी आणि सोबत सकाळी शाळा भरतानाचा फोटो. कनिष्ठ अभियंत्याला जागेवर येऊन नुसतं पडताळायचं होतं. काम झालं.

अर्ज मागवतात पावसाळ्यात आणि आपण जागे होतो मार्चमध्ये, अंदाजपत्रकाची बातमी वाचून. तोवर पैसे वाटून झालेले असतात. शिवाय प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ही दारं असताना घरात बसून बोटं मोडायची, हे मला पटत नाही.

स्पष्टवक्ता

ती पोस्ट माझीच. एक शब्द मागे घेत नाही.

फूटपाथची लांबी काकूंनी मोजायची, तर अभियंत्याला पगार कशाचा? शाळेसमोर फूटपाथ नाही हे त्याला रोज येता-जाता दिसत नव्हतं?

आता तुमची दारं. ते तीन प्रतिनिधी नेमतात कोण? नगरसेवकच. मग कोणाची माणसं बसणार हे सांगायला नको. मार्च २०२२ मध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. नगरसेवकच नव्हते तिथे प्रभाग समिती कुठली? आणि क्षेत्रसभा, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा? तिच्यासाठी राज्याने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही केंद्राच्या नागरी योजनेच्या निधीसाठी ती अट होती म्हणून. तुमच्या भागात एक तरी क्षेत्रसभा भरलेली पाहिलीत का? सरकारनेच कुलूप लावलेल्या दारावर मी कशाला डोकं आपटू?

रानवाट

तुम्हा शहरवाल्यांचं मला नवल वाटतं. आमच्याकडे ग्रामसभा कायद्यानेच आहे, वर्षाला किमान चार. कारण नसताना घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. त्याआधी महिलांची वेगळी सभा. तरी लोक येत नाहीत. गणपूर्तीला शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते. तेवढीही जमत नाहीत, मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! चार डोकी बसतात, ग्रामसेवक वाचून दाखवतो, मंजूर. आमच्या गावात पाण्याच्या टाकीची जागा अशीच ठरली. टाकी गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या आळीला पाणी चढत नाही आणि सगळ्यात मोठ्याने ओरडतात ते सभेला न आलेलेच.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) म्हणून गाव आहे. तिथे बहुमतावर नाही, सर्वसहमतीवर निर्णय होतो. एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसतात. त्यांना कुठलं वेगळं दार होतं?

दुपारची शिफ्ट

रानवाटदादा, ‘लोक येत नाहीत’ हे म्हणणं फार सोपं आहे. सभा कधी असते ते सांगा ना. मी नर्स आहे. शहराचं नाव घेत नाही, पण आमच्याकडे नागरिकांची बैठक ठेवतात कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. येतात कोण? निवृत्त गृहस्थ आणि ठेकेदाराची माणसं. मी रजा टाकून गेले. रिक्षा स्टँडजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह मागितलं. भाजीवाल्या तिथे दिवस-दिवस पाणी न पिता बसतात, त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला मी ओपीडीत बघते. जागा दाखवली, भाजीवाल्यांच्या सह्या दिल्या. त्या जागेवर काय आलं? बाकडी. सिमेंटची. पाठीवर नाव रंगवून, ‘यांच्या विकास निधीतून’.

आबा

बाकड्यांना नावं ठेवू नका ताई. माझी बायपास झालेली आहे. डॉक्टर म्हणतात चाला, पण घरापासून बागेपर्यंत एका दमात जाववत नाही. मध्ये बाकडं आहे म्हणून मी घराबाहेर पडतो.

स्पष्टवक्ता

आबा, तुमच्या वाटेवरचं बाकडं ठीक. पण आमच्याकडे एका चौकात ओळीने बाकडी आहेत, बसायला कुणी नाही. संध्याकाळी टोळकी बसतात आणि मुलींना पलीकडच्या कडेने जावं लागतं. बाकडी का, तर ठेका लवकर निघतो, बसवणं सोपं आणि नाव रंगवायला पाठ मिळते. माझ्या कराच्या पैशावर दुसऱ्याचं नाव का?

आबा

मग टोळक्यांचा बंदोबस्त करा. म्हाताऱ्यांची बसायची जागा कशाला काढता? तुमच्या वयाला हे कळायचं नाही.

दुपारची शिफ्ट

काढा असं कोण म्हणतंय? स्वच्छतागृहाची जागा खाल्ली, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला घरी जाता येतं आबा. त्या बायकांनी कुठे जायचं?

रानवाट

तीन दिवस बाकड्यांवर चाललंय. मूळ मुद्दा राहिला बाजूला.

बकुळ

बाकडं हाच मूळ मुद्दा आहे, रानवाट. ताईंची मागणी बाजूला सारून बाकडी कुणी घातली, हे त्या कामाच्या फाइलमध्ये असणारच. माहिती अधिकारात फाइल बघता येते, नुसती उत्तराची वाट बघायची गरज नाही. टिपणी कुणाची, सही कुणाची, जागा कधी बदलली, सगळं निघेल.

क्षेत्रसभेबद्दल स्पष्टवक्ता बोलले ते खरं आहे. ते दार बंदच आहे. पण ते उघडा म्हणून मागणी तरी कोण करणार? कर भरून घरी बसलेले?

स्पष्टवक्ता

फाइल बघायला पुन्हा ताईंनीच रजा टाकायची ना? नागरिकाची रजा, नागरिकाची टेप, नागरिकाचे झेरॉक्सचे पैसे. बैठका रविवारी ठेवा, मी पहिला येऊन बसतो. तोवर मला रिकामटेकड्यांत धरू नका.

दुपारची शिफ्ट

रविवारची मागणी लेखी द्या. मी सही करते. आणि फाइल मी बघणार आहे. नाइटहून सुटल्यावर जाईन, रजा लागणार नाही.

आबा

स्वच्छतागृहाच्या अर्जावर माझीही सही घ्या ताई. बाकडं मात्र काढू देणार नाही.