सिमलाही पिन लावा

पासवर्ड किती दिवसांनी बदलावा यावर नेहमीच बरीच खडाजंगी होते. ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको, असं अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलंय. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि मोकळे होतात!

पण फोनच चोरीला गेला तर? स्क्रीन लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. मग 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारायचाच अवकाश. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं, की आधी पिन विचारला जातो. तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडणारा, कंपनीकडून मिळणारा कोड) लागतो, तोही दहादा चुकला की सिम कायमचं बाद. (त्यामुळे पिन लावताना विचारला जाणारा सिमचा मूळ पिन अंदाजाने टाकत बसू नका, कंपनीकडून खात्री करून घ्या.) लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर चोराला सिम काढायचेही कष्ट नकोत.

लॅपटॉपचं म्हणाल तर नुसत्या लॉगिन पासवर्डने डिस्कवरचं काही झाकलं जात नाही. अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) चालू करा, आणि रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत डिस्क उघडणारा कोड, त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.